हंस, आन्सेरो आणि डॉ. झामेनहॉफ



मागच्या सत्रात आठवीच्या वर्गात संस्कृतचा तास चालू होता. बाई फळ्यावर ‘हंसः, हंसौ, हंसाः’ लिहीत होत्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. एस्पेरान्तो नावाच्या एका भाषेत हंसाच्या जातीच्या पक्ष्याला ‘आन्सेरो’ म्हणतात असे त्याने कुठेतरी वाचले होते. तो शब्द आपल्याच ‘हंस’वरून तिकडे गेला आहे का, असा त्याचा प्रश्न होता. बाईंनी त्याला आमच्याकडे पाठवले. खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर येत नव्हते. मुख्याध्यापकाने विद्यार्थ्यासमोर हे कबूल करणे जरा जड जाते, तरी आम्ही त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. शोधू लागलो तेव्हा त्या एका पक्ष्याच्या नावामागे एका डोळ्यांच्या डॉक्टरचे सारे आयुष्य उभे असलेले दिसले. तेच आज या पानावर सांगत आहोत.

डॉ. लुडविक लेझर झामेनहॉफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी बियालिस्टोक या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, त्या काळी ते रशियाच्या झारच्या राज्यात होते. गावात कापडाचा धंदा होता आणि चार प्रकारचे लोक शेजारी शेजारी राहत होते. ज्यू लोक यिद्दिश बोलत, पोलिश लोक पोलिश, जर्मन लोक जर्मन आणि सरकारी कारभार चाले रशियनमध्ये. प्रत्येकाचा देव वेगळा, शाळा वेगळी आणि मनातला राग मात्र सारखाच. झामेनहॉफ यांचे घर ज्यू होते. वडील मार्कुस हे फ्रेंच आणि जर्मन शिकवणारे कडक शिस्तीचे शिक्षक होते, आई रोझालिया शांत आणि मायाळू होती. सगळी माणसे भावंडे आहेत अशी शिकवण या मुलाला घरात मिळे. पण रस्त्यावर पाऊल टाकले की माणूस कुठेच दिसत नसे, दिसत ते रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू. या गोष्टीचे दुःख आपल्याला लहानपणापासून होते, असे त्यांनी पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे.

या सगळ्या भांडणाला केवळ भाषा कारणीभूत आहे असे त्या मुलाला वाटे. मोठेपणी त्यांना कळले की कारणे पुष्कळ असतात. पण एकमेकांचे बोलणेच समजत नसेल तर समेट सुरू तरी कुठून होणार, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

१८७३ च्या अखेरीस हे कुटुंब वॉर्सा शहरात आले. तिथल्या शाळेत लुडविक लॅटिन आणि ग्रीक शिकू लागले. आधी त्यांना वाटले की जुनी लॅटिन पुन्हा सगळ्यांची भाषा करावी, पण सामान्य माणसाला ती शिकणे अवघड आहे हे लवकरच ध्यानात आले. मग त्यांनी स्वतःच एक भाषा रचायला घेतली. दोन अडचणी होत्या. पहिली व्याकरणाची. इंग्रजी शिकू लागल्यावर त्यांना दिसले की क्रियापदांची आणि विभक्तींची एवढी मोठी कोष्टके नसली तरी भाषेचे काम अडत नाही. दुसरी अडचण शब्दांची. हजारो शब्द घडवायचे कसे आणि लोकांनी ते पाठ करायचे कसे?

या अडचणीचे उत्तर त्यांना रस्त्यावरच्या पाट्यांवर मिळाले. एका पाटीवर रशियन भाषेत दारवानाच्या खोलीचे नाव होते, दुसरीवर मिठाईच्या दुकानाचे, आणि दोन्ही शब्दांचे शेपूट एकच होते, ‘स्काया’. रोज दिसणाऱ्या या पाट्यांचा अर्थ त्यांना त्या दिवशी नव्याने लागला. एक शेपूट ठरवून घेतले की शंभर जागांची नावे आपोआप तयार होतात. मुलांनो, यात परके काही नाही. आपण दवाखाना, छापखाना, कारखाना म्हणतो तेव्हा हेच करतो. विद्यालय, ग्रंथालय, कार्यालय यांतही हेच आहे. आपण जे नकळत करतो त्याचा त्यांनी नियम केला, आणि त्या नियमाला अपवाद ठेवला नाही.

डिसेंबर १८७८ मध्ये एकोणीस वर्षांच्या लुडविकने घरी केक आणला, काही शाळासोबत्यांना बोलावले आणि नव्या भाषेचा वाढदिवस साजरा केला. मित्र त्या भाषेत थोडे बोलले, गायले. शाळा संपली तसे बहुतेक मित्र पांगले आणि या विषयावर गप्प झाले. मोठी माणसे हसली की मुले लाजतात, तसेच झाले. वडिलांनाही काळजी वाटू लागली की मुलगा या वेडापायी आयुष्य वाया घालवील. वैद्यकी शिकण्यासाठी लुडविक १८७९ मध्ये मॉस्कोला निघाले तेव्हा भाषेच्या वह्या त्यांना वडिलांच्या स्वाधीन कराव्या लागल्या. दोन वर्षांनी परत येऊन पाहतात तो वह्या नव्हत्या, वडिलांनी त्या जाळून टाकल्या होत्या, असे चरित्रकार सांगतात. मुलाने भांडण केले नाही. सगळे आठवून पुन्हा लिहायला घेतले आणि लिहिताना जुन्या चुका दुरुस्तही केल्या.

पालकहो, आम्ही इथे जरा थांबलो. मुलाच्या भल्यासाठीच त्याच्या वह्या काढून घेणारे वडील जगात सगळीकडे आहेत, आणि कधी कधी ते काम आम्ही शाळेतही केले आहे.

१८८५ मध्ये ते डॉक्टर झाले. सुरुवातीला लिथुआनियातल्या वेइसेयाइ या लहान गावात त्यांनी दवाखाना चालवला. गंभीर रोग्यांचे मरण पाहणे त्यांच्या हळव्या मनाला झेपेना, म्हणून त्यांनी डोळ्यांच्या रोगांचा अभ्यास केला, त्यासाठी काही काळ व्हिएन्नाला राहिले. भाषेचे पुस्तक तयार होते, पण छापायला कोणी प्रकाशक मिळेना. अशा वेळी क्लारा झिल्बेर्निक यांच्याशी लग्न ठरले. क्लाराच्या वडिलांचा कौनास शहरात साबणाचा कारखाना होता. त्यांच्या पैशावर २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सामध्ये रशियन भाषेत एक चाळीस पानांची पुस्तिका निघाली, आणि पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, लग्न झाले. पुस्तिकेवर लेखकाचे खरे नाव नव्हते. ‘डॉ. एस्पेरान्तो’ असे टोपणनाव होते, त्याचा अर्थ आशा करणारा. पुढे भाषेलाच ते नाव चिकटले.

पुस्तिकेत सोळा नियम आणि सुमारे नऊशे मूळ शब्द होते. आता या शब्दांकडे थोडे नीट पाहू, कारण आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न इथलाच आहे.

झामेनहॉफ यांनी शब्द हवेतून काढले नाहीत. युरोपातल्या निरनिराळ्या भाषांतून ते वेचले. पक्षी या अर्थाचा ‘बिर्दो’ इंग्रजीतून घेतला, तर एकेका पक्ष्याची नावे बहुतेक लॅटिनच्या घरातून आली. कबुतर ‘कोलोम्बो’, मोर ‘पावो’, बदक ‘अनासो’. शेवटचा ‘ओ’ एवढेच सांगतो की हा शब्द नाम आहे. कोंबडा ‘कोको’. आता त्याला शेपटे लावा. कोंबडी ‘कोकीनो’, पिल्लू ‘कोकीदो’, खुराडे ‘कोकेयो’. मराठीत वाघाचा बछडा, शेळीचे करडू, घोड्याचे शिंगरू, म्हशीचे रेडकू असे प्रत्येक पिल्लाचे नाव वेगळे पाठ करावे लागते. आमच्या हिंदी माध्यमाच्या शिक्षणामुळे यांतले दोन-तीन शब्द तर आम्ही नोकरीला लागल्यावर शिकलो. एस्पेरान्तोत एकटे ‘इद’ सगळ्यांना पुरते. बदकाचे पिल्लू म्हणून ‘अनासीदो’. अँडरसनच्या परीकथांचे भाषांतर झामेनहॉफ यांनीच केले, त्यात कुरूप पिल्लाची प्रसिद्ध गोष्ट याच शब्दाने ओळखली जाते. ते पिल्लू शेवटी ज्या लांब मानेच्या शुभ्र पक्ष्याचे निघते, त्याला एस्पेरान्तोत ‘त्सिग्नो’ म्हणतात.

मग ‘आन्सेरो’ कोण? बदकाहून मोठा, युरोपात घरोघरी पाळला जाणारा आणि रानातही राहणारा, थव्याने उडणारा हंसाच्या जातीचा पक्षी. इंग्रजीत त्याला गूज म्हणतात. झामेनहॉफ यांनी हे नाव लॅटिनमधल्या ‘आन्सेर’वरून घेतले. म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर नाही असे आहे, तो शब्द आपल्याकडून गेलेला नाही. पण उत्तर एवढ्यावर संपत नाही. लॅटिनमधल्या या शब्दाच्या सुरुवातीला फार पूर्वी ‘ह’ होता, तो पुढे गळून पडला. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की लॅटिनचा ‘आन्सेर’ आणि संस्कृतचा ‘हंस’ ही एकाच अतिप्राचीन शब्दाची लेकरे आहेत. कोणी कोणाकडून उसना घेतला नाही, दोघांची आजी एक. इंग्रजीतला ‘गूज’ही त्याच घरचा, त्यातला अनुस्वार वाटेत हरवला.

इथे एक सावधगिरी हवी. एस्पेरान्तोत कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याला ‘कुकोलो’ म्हणतात. आपला संस्कृत ‘कोकिल’ त्याच्याशी किती जुळतो! पण इथे नाते सांगायची घाई करू नये. हा पक्षी आपले नाव स्वतःच ओरडून सांगतो, म्हणून दूरदूरच्या लोकांना सारखेच ऐकू येते. हंसाचे तसे नाही. शब्द सारखे दिसले की ते नातेवाईक आहेत की फक्त एकाच आवाजाची नक्कल आहेत, हे तपासावे लागते.

आता आम्हाला जी गोष्ट सापडल्यावर त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही, ती सांगतो. १९०५ मध्ये झामेनहॉफ यांनी ‘फुंडामेन्टो’ हा आपल्या भाषेचा पायाभूत ग्रंथ काढला. त्यातल्या कोशात प्रत्येक शब्दापुढे पाच भाषांत अर्थ दिले आहेत. हंसापुढे जर्मन शब्द आहे ‘गान्स’, रशियन ‘गूस’ आणि पोलिश ‘गेंश’. यिद्दिशमध्येही ‘गान्द्झ’. हे सगळे त्याच एका कुळातले शब्द. बियालिस्टोकच्या बाजारात एकमेकांच्या भाषेचा राग करणारे चारही शेजारी त्या पक्ष्याला हाक मारताना एकाच पूर्वजाचा शब्द उच्चारत होते, आणि आपला संस्कृत शब्दही त्यांचाच भाऊ. भांडणाच्या वेळी यातले कोणाला आठवत नाही.

पहिल्या पुस्तिकेत झामेनहॉफ यांनी एक छापील वचनपत्र जोडले होते. एक कोटी लोक कबूल झाले तर मीही ही भाषा शिकेन, असे त्यात भरून पाठवायचे होते. एक कोटी वचनपत्रे काही आली नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी भाषा शिकलेल्यांच्या पत्त्यांची यादी छापली, तीत एक हजार नावे होती. कोणी हताश झाला असता, त्यांनी त्या हजारांना पत्रे लिहिली. त्याच वर्षी जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरातून एक मासिक सुरू झाले. १८९५ मध्ये त्यात टॉलस्टॉय यांचे लिखाण आले म्हणून रशियन सरकारने त्या मासिकाला देशात बंदी केली, आणि बहुतेक वर्गणीदार रशियातलेच असल्याने ते बंदच पडले. सासऱ्यांचे पैसेही संपत आले होते. वेगवेगळ्या गावी दवाखाना टाकून पाहिला, जम बसेना. अखेर १८९८ मध्ये ते वॉर्साच्या गरीब ज्यू वस्तीत झिका रस्त्यावर राहायला आले. दिवसभर अगदी थोड्या फीवर गरिबांचे डोळे तपासायचे आणि रात्री भाषांतरे करायची असा क्रम पुढे अनेक वर्षे चालला. शेक्सपियरचे हॅम्लेट, गोगोलचे नाटक, बायबलचा जुना करार हे सगळे एस्पेरान्तोत आणले ते दिवसभर काम करून थकलेल्या या डॉक्टरने.

ऑगस्ट १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेर या बंदराच्या गावी पहिले जागतिक संमेलन भरले. वीस देशांतले ६८८ लोक आले आणि दुभाष्याशिवाय एकमेकांशी बोलले. या संमेलनात झामेनहॉफ यांनी जे केले ते आम्हाला सर्वांत मोठे वाटते. भाषेवरचे आपले सारे हक्क त्यांनी जाहीरपणे सोडले. ही भाषा कोणा एकाच्या मालकीची नाही, जो ती वापरेल त्याची ती, असे तिथे सर्वांनी मिळून ठरवले.

पुढच्याच वर्षी, जून १९०६ मध्ये, त्यांच्या जन्मगावी बियालिस्टोकमध्ये ज्यूंची कत्तल झाली. त्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या संमेलनात त्यांनी त्याविषयी सांगितले. भाषा हा केवळ व्यापार-प्रवासाच्या सोयीचा मामला असावा, त्यात माणुसकीच्या गोष्टी आणू नयेत असे म्हणणारे अनुयायीही होते. झामेनहॉफ यांना ते पटणे शक्य नव्हते. १९०७ मध्ये काही मोठे अनुयायी भाषेत फेरफार करून ‘इदो’ नावाची वेगळी भाषा घेऊन बाजूला झाले. त्यांनी हेही सोसले. १९१२ च्या क्राकोव संमेलनात तर त्यांनी पुढारीपणाही सोडला आणि सामान्य सभासद म्हणून राहिले.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला सर्वांत मोठे संमेलन भरायचे होते. झामेनहॉफ पती-पत्नी निघाले आणि जर्मनीतल्या कोलोन शहरात असतानाच महायुद्ध सुरू झाले. संमेलन रद्द झाले. उत्तरेकडच्या देशांतून मोठा वळसा घालून ते कसेबसे घरी पोचले. हृदय दुबळे झाले होते. युद्ध चालू असतानाच १४ एप्रिल १९१७ रोजी वॉर्सामध्ये त्यांचे निधन झाले, वय अवघे ५७ वर्षे.

पुढची हकीकत सांगायला जीभ जड होते, पण आठवीच्या पुढच्या मुलांना ती ठाऊक असावी. त्यांना तीन मुले होती. मुलगा अ‍ॅडम हा वडिलांसारखाच डोळ्यांचा डॉक्टर झाला, १९४० मध्ये नाझींनी त्याला गोळी घातली. थोरली मुलगी झोफिया डॉक्टर होती आणि धाकटी लिडिया देशोदेशी जाऊन एस्पेरान्तो शिकवत असे. दोघींना १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारण्यात आले. झिका रस्त्याच्या एका भागाला वॉर्साने पूर्वीच झामेनहॉफ यांचे नाव दिले होते. नाझींनी कोंडलेल्या ज्यू वस्तीतून हजारो माणसांना मृत्यूच्या गाड्यांकडे नेले, ते याच रस्त्याने. अ‍ॅडमचा मुलगा तेवढा वाचला, पुढे तो इंजिनियर झाला.

वंश जवळजवळ संपला, भाषा उरली. हिटलरने तिचा द्वेष केला, स्टालिनच्या राज्यात ती बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकले, तरी ती उरली. १९५४ मध्ये युनेस्कोने तिच्या कार्याची दखल घेणारा ठराव केला. तिच्या जागतिक संघटनेचे अध्यक्षपद २००७ ते २०१३ या काळात प्रोबाल दासगुप्ता या बंगाली भाषाशास्त्रज्ञांनी सांभाळले. त्याआधी ते हैदराबादच्या विद्यापीठात शिकवत होते. झामेनहॉफ यांनी पाहिलेले स्वप्न मात्र पुरे झाले नाही, हे मान्य केले पाहिजे. सारे जग ती बोलत नाही. शब्द बहुतेक युरोपचे असल्याने आपल्या मुलांना ती युरोपातल्या मुलांइतकी सोपी जात नाही, हा आक्षेपही खरा आहे.

मग हे सगळे आम्ही आमच्या शाळेच्या पत्रिकेत का सांगितले? आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे. आपली मुले घरी ‘चिमणी’ म्हणतात आणि बाहेर ‘गौरैया’, घरी ‘घार’ आणि बाहेर ‘चील’. सुटीत पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि त्यांच्या मराठीतल्या हिंदी शब्दांना हसतात. मग मूल गप्प होते, आणि पुढच्या सुटीत पाहुण्यांशी हिंदीतच बोलते. आमचेही तरुणपणी असेच झाले होते, म्हणून हे दुखणे आम्हाला ठाऊक आहे. भाषा ही जन्माने मिळालेली जहागीर आहे आणि आपण तिचे राखणदार, असे मानणाऱ्यांनी या डॉक्टरकडे पाहावे. स्वतः घडवलेली भाषासुद्धा त्याने आपली म्हणून धरून ठेवली नाही. जो बोलेल त्याची भाषा, हा न्याय एस्पेरान्तोला लागू असेल तर आपल्या मराठीला का नसावा? आणि शेजारच्या हिंदीशी तरी वैर कशाला? ‘हंस’ दोन्हीकडे हंसच आहे.

आठ दिवसांनी आम्ही त्या विद्यार्थ्याला बोलावून उत्तर दिले. शेवटी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्या देशातल्या तलावांवर एक राखाडी पक्षी उतरतो, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. मराठी पक्षिमित्र त्याला पट्टकादंब म्हणतात. संस्कृत ग्रंथांतला हंस हाच असावा असे अनेक जाणकारांचे मत आहे. शास्त्रज्ञांनी दिलेले त्याचे नाव आहे ‘आन्सेर इंडिकस’. म्हणजे लॅटिनचा आन्सेर आणि आपला भारत एकाच नावात आले. मुलगा खूश होऊन वर्गात गेला.

विद्यार्थी मित्रहो, १५ डिसेंबरच्या आत प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांना विचारून दहा पक्ष्यांची घरातली नावे वहीत लिहून आणावीत, आणि त्यांच्यासमोर शेजाऱ्यांच्या भाषेतली नावे लिहावीत. चुकले तरी चालेल. त्या वह्या कोणीही काढून घेणार नाही, असा शब्द आम्ही देतो.